लिनक्समध्ये नेटवर्कची रांग लावायला शिका: टीसीची पहिली ओळख

ऑफिसात कुणीतरी मोठी फाइल अपलोड करायला घेतं आणि शेजारच्या टेबलावरचा व्हिडिओ कॉल अडखळायला लागतो. अशा वेळी बहुतेक जण इंटरनेटचा प्लॅन वाढवून घेतात. महिन्याचं बिल वाढतं, कॉल मात्र पूर्वीसारखाच तुटतो. पॅकेटं ज्या रांगेत अडकतात, त्या रांगेला कुणी हातच लावलेला नसतो.

लिनक्स कर्नलमध्ये ही रांग ताब्यात घ्यायची सोय १९९९ साली आलेल्या २.२ आवृत्तीपासून आहे. तिला ट्रॅफिक कंट्रोल म्हणतात आणि ती चालवणारी कमांड म्हणजे टीसी. शिकताना खरा त्रास माहितीच्या विस्कळीतपणाचा होतो. इंटरनेटवर सापडणारी कितीतरी उदाहरणं सीबीक्यू नावाच्या पद्धतीवर आहेत, आणि ती पद्धत २०२३ च्या ६.३ कर्नलमधून काढून टाकली आहे. म्हणून स्वतःचा लिनक्स राउटर किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्या आणि टीसी पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी हा लेख. मला जो क्रम उपयोगी पडला, त्याच क्रमाने पायऱ्या दिल्या आहेत.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्याच क्रमाने रोमन अक्षरांत टाइप करा, आणि एथ१ च्या जागी तुमच्या इंटरनेटकडच्या इंटरफेसचं नाव घाला.

लागणारी साधनं

- रूट किंवा सुडोचा ॲक्सेस
- आयपीरूट२ पॅकेज (टीसी आणि आयपी या दोन्ही कमांड यातच येतात)
- लोड टाकण्यासाठी आयपर्फ३, विलंब पाहण्यासाठी साधं पिंग
- कार्डाची सेटिंग पाहण्यासाठी ईथटूल
- केक (चौथ्या पायरीत येणारी रांग लावण्याची पद्धत) वापरायचं असेल तर ४.१९ किंवा त्यापुढचा कर्नल
- कनेक्शनचा प्रत्यक्ष मिळणारा अपलोड आणि डाउनलोड वेग. प्लॅनवर छापलेला आकडा नको. केबल लावून, वेगवेगळ्या वेळी मोजलेला हवा.

१. पॅकेटची वाट समजून घ्या

ॲप्लिकेशनने पाठवलेला डेटा आधी सॉकेटच्या बफरमध्ये जातो. टीसीपी त्याची पॅकेटं करतं, आयपीचा थर मार्ग ठरवतो, फायरवॉलचे नियम लागतात आणि मग पॅकेट क्यूडिस्कपाशी येतं. क्यूडिस्क म्हणजे रांग लावण्याची पद्धत. तिथून ते ड्रायव्हरच्या रिंगमध्ये उतरतं आणि कार्डातून तारेवर जातं.

टीसीचे सगळे नियम क्यूडिस्कपाशी चालतात. एकदा पॅकेट ड्रायव्हरच्या रिंगमध्ये उतरलं की ते मागे घेता येत नाही. तिथे जो आधी आला तो आधी गेला. ही रिंग फुगू नये म्हणून ३.३ कर्नलमध्ये बाइट क्यू लिमिट्सची सोय आली. बहुतेक चांगले ड्रायव्हर ती पाळतात.

शब्द तीनच लक्षात ठेवा. क्यूडिस्क म्हणजे रांग, क्लास म्हणजे रांगेतला कप्पा, आणि फिल्टर म्हणजे कोणतं पॅकेट कोणत्या कप्प्यात जाणार ते ठरवणारा नियम. काही क्यूडिस्कमध्ये तुम्हाला कप्पे करता येतात, काहींत येत नाहीत. क्यूडिस्कचा क्रमांक १: असा लिहितात आणि तिच्या क्लासचा १:१०, १:२० असा. हे क्रमांक हेक्साडेसिमल असतात. १:९ नंतरचा क्लास १:ए असतो. स्क्रिप्टमधून आपोआप क्रमांक तयार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

२. सध्या काय चालू आहे ते पाहा

टीसी -एस क्यूडिस्क शो डेव्ह एथ१

सिस्टमडी वापरणाऱ्या बऱ्याच डिस्ट्रिब्युशनमध्ये इथे एफक्यू_कोडेल दिसेल. जुन्या यंत्रांवर पीफिफो_फास्ट दिसेल. कार्डाला अनेक हार्डवेअर रांगा असतील तर वर एमक्यू आणि तिच्याखाली प्रत्येक रांगेची वेगळी क्यूडिस्क दिसते. लूपबॅक, ब्रिज आणि बऱ्याच वायफाय इंटरफेसवर नोक्यू दिसतं, त्याने गोंधळून जाऊ नका. वायफायच्या अनेक ड्रायव्हरांत रांगेचं काम कर्नलच्या वायरलेस थरातच होतं.

पीफिफो_फास्ट तीन पट्ट्यांची रांग आहे. पॅकेटच्या हेडरमधल्या टॉस बाइटवरून (प्राधान्य सांगणाऱ्या खुणेवरून) कोण कोणत्या पट्टीत जाणार ते ठरतं, आणि वरची पट्टी रिकामी झाल्याशिवाय खालचीला संधी मिळत नाही. बहुतेक ॲप हा बाइट भरतच नाहीत, त्यामुळे जवळपास सगळं एकाच पट्टीत येतं. रांगेची लांबी सहसा १००० पॅकेट असते. आता हिशोब करा. १००० पॅकेट गुणिले १५०० बाइट म्हणजे १५ लाख बाइट, म्हणजेच १ कोटी २० लाख बिट. एक गिगाबिटच्या तारेवर एवढं बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात, तर १० मेगाबिटच्या अपलोडवर १.२ सेकंद. कॉलमधला एक शब्द सव्वा सेकंद उशिरा पोहोचणार असेल तर तो कॉल चालू राहणार कसा?

त्याच कमांडच्या आउटपुटमधला बॅकलॉग हा आकडा नीट बघत जा. या क्षणी रांगेत किती बाइट आणि किती पॅकेट उभी आहेत ते तो सांगतो. पुढची पायरी त्याच्यावरच उभी आहे.

३. रांग कुठे साचते ते शोधा

ही पायरी बरेच लेख गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे.

एका टर्मिनलवर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर पिंग चालू ठेवा. दुसऱ्यावर आयपर्फ३ ने किंवा मोठी फाइल पाठवून अपलोड पूर्ण भरा. तिसऱ्यावर वरची टीसीची कमांड दर सेकंदाला चालवा. आता पिंगचा वेळ आणि बॅकलॉग शेजारीशेजारी वाचा.

पिंग १० मिलिसेकंदांवरून ३०० वर गेलं आणि बॅकलॉगही वाढला, तर रांग तुमच्या कर्नलमध्ये आहे. पिंग ३०० वर गेलं पण बॅकलॉग शून्याच्या आसपासच राहिला, तर रांग पुढे मॉडेममध्ये किंवा सेवा देणाऱ्या कंपनीच्या उपकरणात साचते आहे. घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या जोडण्यांवर बहुधा हा दुसराच प्रकार असतो. तुमच्या राउटरपासून मॉडेमपर्यंतची तार गिगाबिटची, मॉडेमच्या पुढचा अपलोड २० मेगाबिटचा. कर्नलला पुढची तार मोकळी दिसते, तो पॅकेटं भराभर पुढे ढकलतो आणि ती मॉडेममध्ये तुंबतात.

अशा स्थितीत तुम्ही कितीही सुंदर फिल्टर लिहा, काही उपयोग नाही. तुमच्याकडे रांगच नसेल तर कुणाला पुढे घेणार? म्हणून आधी वेगावर स्वतः मर्यादा घालून रांग मॉडेममधून आपल्या कर्नलमध्ये ओढून आणायची. मोजलेल्या अपलोडच्या ९० ते ९५ टक्क्यांवर ही मर्यादा ठेवा. २० मेगाबिट मिळत असतील तर १८ पासून सुरुवात करा. हातचे २ मेगाबिट सोडायला लोक कचरतात, पण त्या मोबदल्यात विलंब ताब्यात येतो.

४. आधी वर्गीकरण न करता सुरुवात करा

टीसी क्यूडिस्क रिप्लेस डेव्ह एथ१ रूट केक बँडविड्थ १८एमबिट

एवढी एक ओळ देऊन तिसऱ्या पायरीची चाचणी पुन्हा करा. पुष्कळांचं काम इथेच संपतं.

एकही फिल्टर न लिहिता हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचे निर्णय त्यावर ठरतात. केकच्या आधीची एफक्यू_कोडेल ही पद्धत एरिक ड्युमाझे यांनी लिहिली आणि २०१२ मध्ये ३.५ कर्नलमध्ये आली. कर्नल प्रत्येक पॅकेटचा स्रोत पत्ता, गंतव्य पत्ता, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टींचा हॅश काढतो आणि त्यावरून १०२४ छोट्या रांगांपैकी एकीत पॅकेट टाकतो. मग या रांगांना आळीपाळीने संधी मिळते. जिच्यात नुकतंच पॅकेट आलं आणि आधीचं काही साचलेलं नव्हतं, अशी रांग आधी घेतली जाते. कॉलमधला आवाज, डीएनएसची विचारणा, एसएसएचवर दाबलेली एकेक कळ हे सगळं थोडं-थोडं येतं, म्हणून त्याला आपोआप पुढची जागा मिळते. मोठं अपलोड स्वतःच्याच रांगेमागे उभं राहतं.

प्रत्येक छोट्या रांगेवर कोडेल लक्ष ठेवतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ही कल्पना रांगेची लांबी मोजतच नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजते. १०० मिलिसेकंदांच्या संपूर्ण अवधीत हा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर पॅकेटं टाकायला किंवा त्यांवर गर्दीची खूण करायला सुरुवात होते, आणि पाठवणारा टीसीपी वेग कमी करतो.

केकमध्ये यावर वेगाची मर्यादा आणि यंत्रानुसार वाटणी अशी भर पडते. राउटरवर नॅट (आतल्या यंत्रांचे पत्ते बदलून बाहेरचा एकच पत्ता लावणं) असेल तर अपलोडच्या ओळीत नॅट आणि ड्युअल-एसआरसीहोस्ट हे दोन शब्द जोडा. नाहीतर पन्नास कनेक्शन उघडणारा एक लॅपटॉप एकाच कनेक्शनवर कॉल करणाऱ्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त वाटा घेऊन जातो.

इथले सापळे:

- टीसीमध्ये एमबिट म्हणजे मेगाबिट, पण एमबीपीएस म्हणजे मेगाबाइट प्रति सेकंद. प्लॅनच्या कागदावर एमबीपीएस लिहिलेलं असतं म्हणून तसंच टाकलं, तर मर्यादा आठपट वर लागते आणि काहीच फरक पडत नाही.
- एफक्यू_कोडेलला स्वतःची वेगमर्यादा नसते. ती एकटी रूटवर बसवली तर मॉडेममधली रांग तिथेच राहते.
- डीएसएलसारख्या जोडण्यांवर प्रत्येक पॅकेटमागे जादा बाइट जातात. केकच्या ओव्हरहेड पर्यायात ते सांगितले नाहीत, तर छोट्या पॅकेटांच्या गर्दीत मर्यादा चुकते.

५. तरीही कप्पे हवे असतील तर एचटीबी

कधीकधी वाटणी समान नको असते. रात्रीच्या बॅकअपला ठरावीक हिस्सा द्यायचा असतो, ऑफिसच्या फोनला किमान हमी हवी असते. तेव्हा एचटीबी ही कप्पे करू देणारी क्यूडिस्क वापरा.

टीसी क्यूडिस्क ॲड डेव्ह एथ१ रूट हँडल १: एचटीबी डीफॉल्ट २०

टीसी क्लास ॲड डेव्ह एथ१ पेरेंट १: क्लासआयडी १:१ एचटीबी रेट १८एमबिट

टीसी क्लास ॲड डेव्ह एथ१ पेरेंट १:१ क्लासआयडी १:१० एचटीबी रेट ३एमबिट सील १८एमबिट प्रायो ०

टीसी क्लास ॲड डेव्ह एथ१ पेरेंट १:१ क्लासआयडी १:२० एचटीबी रेट ९एमबिट सील १८एमबिट प्रायो १

टीसी क्लास ॲड डेव्ह एथ१ पेरेंट १:१ क्लासआयडी १:३० एचटीबी रेट ६एमबिट सील १८एमबिट प्रायो २

चौथ्या पायरीतली केक आधीच बसलेली असेल, तर पहिल्या ओळीपूर्वी टीसी क्यूडिस्क डेल डेव्ह एथ१ रूट चालवून ती काढा.

रेट म्हणजे हमी, सील (सीलिंगचं आखूड रूप, स्पेलिंग सी-ई-आय-एल) म्हणजे शेजारचे कप्पे रिकामे असताना जास्तीत जास्त किती उसनं घेता येईल. सील लिहिलाच नाही तर तो रेटइतकाच धरला जातो आणि रिकामा पडलेला वेग वाया जातो. प्रायोचा आकडा जितका लहान, तितकी उसन्या वेगात पहिली संधी. मुलांच्या रेटची बेरीज वडिलांच्या रेटपेक्षा जास्त नको. ३, ९ आणि ६ मिळून इथे १८ होतात. ही बेरीज एचटीबी तपासत नाही, तुम्हालाच बघावी लागते.

डीफॉल्ट २० हा भाग विसरू नका. तो नसेल तर कुठल्याच फिल्टरमध्ये न बसलेलं पॅकेट कोणत्याही मर्यादेशिवाय थेट बाहेर पडतं, आणि रांग पुन्हा मॉडेममध्ये जाऊन बसते.

प्रत्येक शेवटच्या क्लासखाली एफक्यू_कोडेल बसवा. न बसवल्यास तिथे साधी लांबलचक रांग येते, आणि फोनच्या कप्प्यातलं एक मोठं कनेक्शन त्याच कप्प्यातल्या बाकीच्यांना अडवतं.

टीसी क्यूडिस्क ॲड डेव्ह एथ१ पेरेंट १:१० एफक्यू_कोडेल

बाकीच्या दोन क्लासनाही हेच करा. कर्नलच्या लॉगमध्ये क्वांटम (एका पाळीत क्लासला पाठवता येणारे बाइट) मोठा असल्याची सूचना आली तर घाबरू नका. एचटीबी रेटला दहाने भागून क्वांटम काढतं आणि तो दोन लाख बाइटच्या वर गेला की सूचना देतं. १६ मेगाबिटच्या वरच्या रेटला हे होणारच. क्लासच्या ओळीत क्वांटम १५१४ असं स्वतः लिहिलं की सूचना थांबते.

६. पॅकेट ओळखायचं कसं

नवखे लोक पोर्ट क्रमांकापासून सुरुवात करतात. आज त्याने फारसं काही साधत नाही. वेब, व्हिडिओ, बॅकअप, निम्म्या ॲपचे कॉल, सगळं ४४३ वर चालतं; टीसीपीवरही आणि क्विक या नव्या प्रोटोकॉलमुळे यूडीपीवरही. ओळख पटवायची तर कोणत्या यंत्राकडून आलं, कोणत्या प्रोग्रामने पाठवलं किंवा पाठवणाऱ्याने डीएससीपीची (टॉस बाइटमधल्या प्राधान्याच्या आकड्याची) खूण केली आहे का, हे पाहावं लागतं. ऑफिसच्या आयपी फोनसाठी डीएससीपी उत्तम, कारण बरेच फोन आवाजाच्या पॅकेटांवर ईएफ म्हणजे ४६ ही खूण करतात. फक्त फिल्टर पूर्ण टॉस बाइट पाहत असेल तर तिथे ४६ चालणार नाही. डीएससीपी वरच्या सहा बिटांत असतो, म्हणून आकडा १८४ होतो आणि मास्क २५२.

यंत्रानुसार ओळखताना नॅट आडवं येतं. बाहेर जाणारं पॅकेट क्यूडिस्कपाशी पोहोचतं तेव्हा पोस्टराउटिंग (फायरवॉलचा शेवटचा टप्पा) आटोपलेलं असतं आणि आतला पत्ता बदलून बाहेरचा झालेला असतो. म्हणून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर लिहिलेला फिल्टर टीसी निमूटपणे स्वीकारतं आणि त्यात एकही पॅकेट कधी सापडत नाही. यावर उपाय म्हणजे एनएफटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) फॉरवर्ड चेनमध्ये, पत्ता बदलण्याआधीच, पॅकेटवर मार्क लावायचा आणि टीसीमध्ये तो मार्क वाचायचा:

टीसी फिल्टर ॲड डेव्ह एथ१ पेरेंट १: प्रोटोकॉल ऑल प्रायो १ हँडल १० एफडब्ल्यू क्लासआयडी १:१०

याहून सरळ वाटही आहे. एनएफटेबल्सच्या नियमात मेटा प्रायॉरिटी सेट १:१० असं लिहिलं, तर एचटीबी पॅकेटवरची ती प्रायॉरिटी फिल्टरांच्याही आधी पाहतं आणि पॅकेट थेट त्या क्लासमध्ये टाकतं. टीसीचा एकही फिल्टर लागत नाही आणि सगळे नियम एकाच फाइलमध्ये राहतात. नव्याने बसवणाऱ्याने हीच पद्धत धरावी असं माझं मत आहे.

टीसीचेच फिल्टर वापरणार असाल तर प्रोटोकॉल आयपी हा नियम फक्त आयपीव्ही४ ला लागतो हे विसरू नका. आयपीव्ही६ साठी वेगळा फिल्टर लिहा आणि त्याला वेगळा प्रायो द्या. एकाच प्रायोवर दोन वेगळे प्रोटोकॉल दिले तर टीसी चूक दाखवतं.

७. येणाऱ्या ट्रॅफिकचं काय

येणारं पॅकेट तुमच्यापर्यंत पोहोचलेलंच असतं, त्याची रांग लावायला कर्नलकडे जागा नसते. म्हणून आयएफबी नावाचा आभासी इंटरफेस उभा करतात, एथ१ वर इनग्रेस (येणाऱ्या बाजूची) क्यूडिस्क बसवून मिरर्ड या टीसीच्या क्रियेने सगळं तिकडे वळवतात, आणि त्या आयएफबीच्या बाहेर जाणाऱ्या बाजूवर केक लावतात. पर्यायांत इनग्रेस, नॅट आणि ड्युअल-डीएसटीहोस्ट द्या. मर्यादेची टक्केवारी अपलोडपेक्षा थोडी कमी, मोजलेल्या डाउनलोडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. इथे तुम्ही फक्त पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला इशारा देऊ शकता, आणि तो ऐकेपर्यंत थोडा वेळ जातो.

इनग्रेस हे फायरवॉलच्या आधी चालतं. तिथे तुमचे मार्क अजून लागलेले नसतात आणि पत्ताही राउटरचा बाहेरचाच दिसतो. यंत्रानुसार एचटीबीचे कप्पे हवेच असतील तर आयएफबी सोडा आणि लॅनच्या इंटरफेसवर, बाहेर जाणाऱ्या बाजूला, मर्यादा घाला. तिथे पोहोचेपर्यंत नॅट उलटलेलं असतं आणि मार्कही लागलेले असतात. लॅनचे इंटरफेस अनेक असतील तर मात्र ही वाट गैरसोयीची ठरते.

८. तपासा, आणि स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नका

दूरच्या सर्व्हरवर काम करत असाल तर पहिली कमांड देण्याआधी पार्श्वभूमीवर एक सुरक्षिततेची ओळ चालू ठेवा: पाच मिनिटं थांबून टीसी क्यूडिस्क डेल डेव्ह एथ१ रूट चालवणारी. एसएसएच अडकलं तरी पाच मिनिटांत यंत्र पूर्ववत होतं. सगळं ठीक असेल तर ती ओळ थांबवा.

मग लोड चालू असताना टीसी -एस क्लास शो डेव्ह एथ१ पाहा. सेंटचा आकडा अपेक्षित क्लासमध्येच वाढतो आहे ना? सगळं १:२० मध्येच चाललं असेल तर तुमचे फिल्टर किंवा मार्क लागत नाहीत. ड्रॉप्डचा आकडा थोडा वाढला तर ती बिघाडाची खूण समजू नका, कोडेल त्याचं काम करतो आहे.

९. रीबूटनंतरही टिकवा

टीसीने केलेले बदल रीबूटनंतर राहत नाहीत. पीपीपीओई (सेवा देणाऱ्या कंपनीशी लॉगिन करून होणारी जोडणी) पुन्हा जोडलं जाऊन इंटरफेस नव्याने तयार झाला, तरीही जातात. सगळ्या ओळी एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि इंटरफेस वर येताना ती चालेल अशी सोय करा. सिस्टमडी-नेटवर्कडी वापरत असाल तर केकसाठी नेटवर्क फाइलमध्येच वेगळा विभाग देता येतो. नेट.कोअर.डीफॉल्ट_क्यूडिस्क ही सिस्कटल सेटिंग बदलली तर ती पुढे तयार होणाऱ्या इंटरफेसना लागते. चालू असलेल्याची रांग आहे तशीच राहते.

ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर असेल तर हे सगळं हाताने लिहायची गरज नाही. एसक्यूएमचं पॅकेज टाका, डाउनलोड आणि अपलोडचे आकडे किलोबिटमध्ये भरा, केकची स्क्रिप्ट निवडा. मात्र त्याआधी फायरवॉलच्या पानावरचं हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग बंद करा. ते चालू असेल तर पॅकेटं कर्नलची रांग टाळून परस्पर निघून जातात. बंद केल्यावर सगळा भार राउटरच्या प्रोसेसरवर येतो, तेव्हा पूर्ण वेगाने डाउनलोड करत टॉप या कमांडमध्ये सॉफ्टआयआरक्यूचा (पॅकेटं हाताळण्याच्या कर्नलच्या कामाचा) भार बघा. तो शंभर टक्क्यांना टेकत असेल तर बँडविड्थचा आकडा राउटरला झेपेल इतका खाली आणा, नाहीतर जास्त ताकदीचा राउटर घ्या.